श्रावणात फुलझाडं लावताय, तर अळीच्या पोटाचंही बघा

सध्या इंदूरात कुठल्याही नर्सरीत जा, पाय ठेवायला जागा नसते, पाऊस बरा झालेला असतो, माती ओली असते अन् जो तो झेंडू, झिनिया, पेंटास, एक्झोरा गाडीत भरून घरी नेत असतो. फुलपाखरं यावीत म्हणून विचारणारेही आता बरेच भेटतात, आणि नर्सरीवाला फुलांची रोपं देतो. मीही आधी तेच केलं. इंदूरजवळ सांवेरकडे आमचं थोडं शेत आहे, तिथल्या खोलीपुढे एक अख्खा वाफा झिनियाचा लावला, फुलपाखरं आली, मध पिऊन गेली, राहिलं कोणीच नाही. कारण साधं आहे, फूल म्हणजे फुलपाखराचं चहाचं दुकान, घर नाही. मादी अंडी घालते ती पानावर, तेही ठरलेल्याच झाडाच्या पानावर, कारण तिची अळी दुसरं काही खातच नाही.

म्हणून आधी पानाची झाडं लावा, फुलं नंतर. सगळ्यात सोपा कढीपत्ता. इथल्या नर्सरीत मीठा नीम म्हणून मागा, लगेच मिळतो. त्यावर आणि लिंबावर, बेलावर लिंबाचं फुलपाखरू म्हणजे काळं-पिवळं लाईम बटरफ्लाय अंडी घालतं, कढीपत्ता अन् लिंबावर कॉमन मॉरमॉनही येतं. अळी लहान असताना अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, लोक पुसूनच टाकतात हो! मोठी झाली की हिरवीगार होते, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो, चावत-बिवत नाही. अंड्यापासून पंखापर्यंत साधारण महिना धरा. कढीपत्त्याची दोन झाडं लावा, एक फोडणीचं आणि एक अळीचं, म्हणजे घरात भांडण नाही. ज्यांची लिंबाची कलमं आहेत त्यांची तक्रार मात्र मला पटते, हातभर रोप दोन-चार अळ्या बोडकं करून टाकतात, अशा वेळी औषध न मारता अळ्या उचलून मोठ्या बेलावर सोडा, पाच मिनिटांचं काम आहे.

बांधावर रुई असेल, माळव्यात आपण आकडा म्हणतो ती, तर उपटू नका. नारिंगी प्लेन टायगर फुलपाखराची अळी तिच्यावर जगते. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका एवढंच. टाकळा, हिंदीत चकवड, पावसात आपोआप उगवतो, त्यावर पिवळी छोटी फुलपाखरं वाढतात, कुंपणालगतचा तेवढा राहू द्या. जागा असेल तर एक बहावा लावा, अमलतास हो, त्यावर फिकट पिवळी एमिग्रंट येतात. कण्हेरीवर कॉमन क्रो येतं आणि त्याचा कोष असा चकचकतो की चांदीचं डूल पानाखाली टांगलंय असं वाटतं, मला तर आजही बघून थांबायला होतं. कण्हेर विषारी आहे, गोठ्याजवळ आणि लहान मुलं खेळतात तिथे नको.

एरंडाबद्दल शेतकऱ्यांनी नीट ऐका. सोयाबीन खाणाऱ्या तंबाखूच्या अळीसाठी कडेला सापळा पीक म्हणून, म्हणजे कीड पिकाऐवजी त्यावर जावी म्हणून, आपण एरंड लावतो, आणि त्याच एरंडावर कॉमन कॅस्टर फुलपाखराची अळीही असते. ओळखायचं कसं? तंबाखूची अळी लहानपणी घोळक्याने असते, पानाची जाळी करते. तसं जाळीदार पान दिसलं की तोडून नष्ट करा. काटेरी हिरवी अन् एकेकटी फिरणारी दिसली तर तिला राहू द्या, सोयाबीनशी तिचं काही देणंघेणं नाही.

आता पतंगांचं, त्यांना कोणी विचारतच नाही. पतंग रात्री येतात, त्यांना पांढरी, वासाची फुलं लागतात. रातराणी, पारिजातक, मोगरा, आणि गुलबक्षी, जी दुपार कलल्यावरच उमलते. मधुमालती तर लावाच, संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते, पांढरी असताना लांब सोंडेचे हॉक मॉथ तिच्यापुढे हवेत एका जागी उभं राहून मध ओढतात. चांदणीच्या, म्हणजे तगरीच्या, झाडावर जाड हिरवी, निळ्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांची अळी दिसली की ती ओलिअँडर हॉक मॉथची. तिचा पतंग हिरव्या मखमलीसारखा असतो. ही अळी कोष करायला खाली पाल्यात उतरते, झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात बिचारी जाणार कुठे. आणि अंगणातला पांढरा एलईडी रात्रभर जळत ठेवू नका, पतंग त्याभोवती फिरून फिरून मरतात, पिवळा मंद दिवा लावा किंवा बंदच करा.

जागा निवडताना दिवसाचं पाच-सहा तास ऊन बघा, फुलपाखराला अंग तापल्याशिवाय उडता येत नाही. पश्चिमेचा वारा अडवायला तुरीची किंवा जास्वंदीची ओळ पुरते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, झिनिया सडतो, म्हणून वाफे वीतभर उंच करा आणि भरपूर कंपोस्ट मिसळा. कंपोस्ट तर आपल्याच गावाचं हो! 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने इथेच संस्था काढली आणि शेण, पालापाचोळा, राख यांचे थर लावून खत करायची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. फक्त सगळाच पाला खड्ड्यात ढकलू नका, चांदणी आणि कण्हेरीखालचा तसाच पडू द्या, कारण वर सांगितलंच.

एका कोपऱ्यात उथळ परात ठेवून त्यात ओली माती अन् चिमूटभर मीठ घाला, नर फुलपाखरं क्षार चोखायला बसतात. जास्त पिकलेली केळी, पेरू ठेवले तर फुलांकडे न फिरकणारी जातही येते. गवतातली एकदांडी, तिची पिवळी-पांढरी बारीक फुलं, उपटू नका, मधासाठी ती विकतच्या कितीतरी रोपांहून चांगली.

फवारणीचं शेवटी सांगतो पण तेच मोठं आहे. मागे मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून बागेत निंबोळी तेल मारलं, नैसर्गिक आहे, काही होत नाही म्हणाला, दोन दिवसांत कढीपत्त्याखाली अळ्या पडलेल्या, मला फार वाईट वाटलं. निंबोळी असो की बीटी, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, अळी ती अळीच, औषध तिच्यात फरक करत नाही. बागेत काहीच मारायचं नाही. सोयाबीनवर मारावं लागलंच तर वारा बागेकडे वाहत असताना नको. नर्सरीतून आणलेलं रोपही आधी औषध मारलेलं असू शकतं, म्हणून बी पेरून केलेली रोपं बरी, आणि आणलेल्या रोपाचा नवा पाला फुटेपर्यंत त्यावर अळ्या ठेवू नका.

आत्ता लावलं तर भादवा संपता संपता गर्दी दिसू लागेल, अश्विनात सगळ्यात जास्त. दिवाळीच्या साफसफाईत कात्री हातात घेतलीत की आधी फांदी उलटी करून बघा, कोष असेल तर ती फांदी कार्तिकापर्यंत राहू द्या.