कमी बजेटमध्ये क्लोज्ड-बॅक हेडफोन आणि छोटा अँप

आधी हेडफोन घ्या, अँपचं (हेडफोनला जास्त जोराचा सिग्नल देणारा छोटा डबा) नंतर बघू. बजेटचा मोठा वाटा हेडफोनवरच जाऊ द्या, आवाजात खरा फरक तिथेच पडतो.

लोकलमध्ये, ऑफिसात वापरायचे तर क्लोज्ड-बॅकच (कपाची मागची बाजू बंद असलेले) पाहिजेत, ओपन-बॅक (मागून जाळीचे, उघडे) घातले तर तुमचं गाणं शेजारचाही ऐकणार आणि गाडीचा खडखडाट तुम्ही. चष्मा असेल तर दुकानात तो लावूनच ट्राय करा, काडीमुळे पॅडखाली फट राहिली की बेस गायब, आणि मग लोक म्हणतात हेडफोनच पुचाट आहे. केबल निघते का तेही बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या एम40एक्सची निघते, सोनीच्या एमडीआर-7506 ची नाही, वर ती गुंडाळीची आणि लांबलचक, फोन खिशात ठेवून फिरायला नुसता वैताग (आवाज मात्र झकास, उगाच नाही 1991 पासून स्टुडिओत टिकलाय).

आता अँप. हेडफोनचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, तो खूप जास्त असला की जोर जास्त लागतो) 32-40 ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (ठराविक सिग्नलला आवाज किती मोठा येतो ते) शंभर डेसिबलच्या आसपास असेल तर साधा यूएसबी-सी डोंगल (फोनला लावायचा हेडफोनचा छोटा अडॅप्टर) पुरतो, वेगळा डबा कशाला. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 250 ओहमचा घेतलात तर अँप लागणारच, पण तोच 32 आणि 80 मध्येही येतो की!

अँपचा आउटपुट इम्पिडन्स (अँपचा स्वतःचा अडथळा) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी हवा, म्हणजे 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहमच्या आत. आणि गाणं पॉज करून ऐका, सूंऽऽ असा आवाज येत असेल तर सरळ परत करा.