जुने एचएमटी घड्याळ कसे पारखावे आणि त्यात बदल कसे करावेत

खानदेशात जुनी मनगटी घड्याळे जमवू पाहणाऱ्याला माल शोधण्यासाठी मुंबई गाठण्याची गरज पडत नाही. भुसावळच्या रेल्वेतून, वरणगावच्या आयुध निर्माणीतून किंवा अमळनेरच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसांच्या घरी कपाटाच्या कप्प्यात चावीचे एखादे घड्याळ पडलेले असते. ते बहुधा लग्नात मिळालेले असते आणि बहुधा एचएमटीचेच असते. खरी अडचण पारखण्याची आहे. ऑनलाइन आणि जुन्या बाजारात विकली जाणारी कितीतरी घड्याळे नव्याने रंगवलेल्या डायलची आणि तीन-चार घड्याळांचे भाग जोडून उभी केलेली असतात. त्यावर नवख्याला सल्ला मिळतो तो एवढाच, की चालते आहे, चमकते आहे, मग घेऊन टाका. हा सल्ला टाकाऊ आहे. घड्याळ चालणे हा दुरुस्तीचा प्रश्न आहे आणि ते अस्सल असणे हा इतिहासाचा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

रोलेक्स, ओमेगा अशी नावे छापलेल्या हुबेहूब नकलांविषयी माझे मत आधीच सांगतो. नकला जमवण्याच्या छंदात मला रस नाही आणि कोणी पडूही नये. दुसऱ्याचे बोधचिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे हे ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 103 आणि 104 नुसार गुन्हे आहेत, आणि त्यांना सहा महिने ते तीन वर्षे कैदेची व दंडाची शिक्षा आहे. तेवढ्याच पैशांत एक खरे एचएमटी येते, ते उघडता येते, दुरुस्त होते आणि पुढच्या पिढीला देता येते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला. पुढे जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन अशी मॉडेल्स घरोघरी पोहोचली. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्या कंपनीचे उत्पादन थांबले आणि हौशी लोकांची मागणी मात्र वाढत गेली; रंगवलेल्या डायलचा धंदा फोफावला तो याच कारणाने.

हत्यारे फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, झाकण उघडण्याची बोथट सुरी, बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, प्लॅस्टिकचा चिमटा आणि अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च एवढे पुरे. स्वयंपाकघरातील सुरीने झाकण उघडू नये.

पहिली पायरी: डायल

डायल हीच सर्वात अवघड पायरी आहे. ती मला सर्वात उशिरा जमली, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. मशीनचे भाग बदलले तरी जुन्या साठ्यातील तेच भाग मिळू शकतात आणि काच तर नवीच बसवायची असते. मूळ डायल मात्र एकदा पुसून रंगवली की कायमची गेली. घड्याळाच्या अस्सलपणाचा आणि किमतीचा मोठा हिस्सा डायलमध्ये असतो, आणि फसवणूकही नेमकी तिथेच होते.

घड्याळ हातात आल्यावर सगळे एकदम पाहू नये. आधी भिंगाखाली फक्त अक्षरे पाहावीत. कारखान्यातील छपाईची शाई एकसारख्या जाडीची आणि किंचित वर आलेली असते, चांगल्या लग्नपत्रिकेवरील उठावाच्या अक्षरांसारखी. अक्षरांच्या कडा तुटक नसतात. रंगवलेल्या डायलवर शाई कडेने पसरलेली दिसते, एकाच शब्दातील दोन अक्षरांची जाडी वेगळी असते, ओळ किंचित तिरकी असते किंवा मधे सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. पायलटवर ‘पॅरा शॉक’ (धक्क्यापासून संरक्षण असल्याची खूण) हे शब्द असतात; त्यांची अक्षरे फुगलेली किंवा एकमेकांना चिकटलेली असतील तर पुढे पाहण्याची गरज उरत नाही. सर्वात खाली, सहाच्या आकड्याजवळच्या बारीक ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. इतके बारीक अक्षर पुन्हा छापणे कठीण असल्यामुळे रंगवणारा ती ओळ गाळतो, जाड करतो किंवा तिची जागा सरकवतो.

त्यानंतर मिनिटांच्या रेघा पाहाव्यात. तासांच्या जागी धातूच्या पट्ट्या असतील तर त्या डायलवर आधीपासून बसवलेल्या असतात आणि मिनिटांच्या रेघा छापलेल्या असतात. मूळ डायलवर प्रत्येक पाचवी रेघ पट्टीच्या बरोबर मधोमध येते. पुन्हा छापताना साचा केसभर फिरला तरी बारापाशी जुळलेली रेघ चार किंवा आठपाशी चुकते. त्यामुळे बारा, तीन, सहा आणि नऊ एवढेच पाहून समाधान मानू नये, सगळ्या पट्ट्या एकामागून एक तपासाव्यात. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडा पाहाव्यात. नव्या रंगाचा थर तिथे साचतो आणि मूळची धारदार कड गोलसर होते. काटे ज्यातून वर येतात त्या मधल्या छिद्राचेही तसेच असते. डायलच्या बाहेरच्या कडेला कानशीने पाडलेली खाच दिसली तर संशय आणखी वाढवावा, कारण साचा जुळवण्यासाठी रंगवणारे अशी खाच पाडतात. ही खूण एकटी पुरेशी नसते, पण बाकीच्या खुणांच्या जोडीला आली तर निकाल स्पष्ट होतो.

भडक केशरी, पोपटी किंवा गुलाबी रंगाचे पायलट दिसले की बहुतेक वेळा ते नंतर रंगवलेले असते. ओळखीचे जुने पायलट काळ्या डायलचे आहे. डायलवर विमान, तिरंगा, सैन्यदलाचे चिन्ह किंवा एखाद्या संस्थेचे नाव असेल तर परीक्षा अधिक कडक करावी, कारण अशा छपाईला जास्त पैसे मिळतात.

रेडियमचा, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या लेपाचा, प्रश्न वेगळा आहे. जुन्या स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरोखरच रेडियमचा लेप असे. वेस्ट एंडसारखी त्या काळची घड्याळे आपल्याकडेही सापडतात. त्यातील चमकणारे रसायन केव्हाच थकलेले असते. टॉर्च मारल्यावर लेप हिरवागार झाला आणि टॉर्च बंद केल्यानंतरही मिनिटभर चमकत राहिला, तर तो आधुनिक लेप आहे आणि डायल किंवा काटे नंतरचे आहेत. इथे एक गंभीर इशारा देतो. चमक गेली म्हणून रेडियम संपले असे होत नाही. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे 1600 वर्षे लागतात. तो लेप खरवडू नये, फुंकू नये, जेवणाच्या टेबलावर असे घड्याळ उघडू नये, आणि लहान मुलांच्या हाती तर ते देऊच नये.

सगळ्यात वाईट सल्ला असा, की शंका आल्यास ऑनलाइन फोटोशी ताडून पाहा. ऑनलाइन फोटो बहुतेक विक्रेत्यांचे असतात, आणि एकाच साच्याने रंगवलेल्या शंभर डायलचे फोटो फिरत राहिले की ती रंगवलेली डायलच नमुना होऊन बसते. नमुना घ्यायचा तर तो एकाच मालकाच्या घड्याळाचा घ्यावा. आपल्या भागात ते अवघड नाही. नात्यातील, गावातील, शेजारच्या काकांकडील जे घड्याळ घेतल्या दिवसापासून त्यांच्याच घरात आहे, त्याचा परवानगीने जवळून फोटो घ्यावा. बिल, डबी किंवा हमीपत्र असेल तर त्याचाही फोटो घ्यावा आणि कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने घेतले ते विचारून वहीत लिहावे. डायल नंतर कोणाकडून रंगवून घेतली होती का, हेही विचारावे, कारण तीस वर्षांपूर्वी घरचेच लोक हौसेने तसे करत. अशी वही तयार झाली की संशयाचे निरसन घरबसल्या होते, आणि हे काम केलेल्या माणसाला विक्रेत्याच्या बोलण्याची भुरळ पडत नाही.

दुसरी पायरी: झाकणाच्या आत

झाकण उघडून मशीनच्या पुलावरील (चाके जागी धरणाऱ्या धातूच्या पट्टीवरील) नाव आणि रत्नांची, म्हणजे चाकांच्या टोकांची झीज टाळण्यासाठी बसवलेल्या कठीण खड्यांची, संख्या पाहावी. चावीच्या जनता किंवा पायलटमध्ये एचएमटीचे 17 रत्नांचे मशीन असायला हवे. डायलवर एक नाव आणि आत दुसऱ्याच कंपनीचे मशीन असेल, तर ते जोड-घड्याळ आहे. स्क्रूंच्या खाचा चिरडलेल्या असतील तर आत अनाडी हात फिरला आहे. स्विस घड्याळातही हाच नियम लावावा. फेवर-लुबाच्या काही पातळ मॉडेलमध्ये दोन स्प्रिंग-डब्यांचे (चावीची स्प्रिंग ज्यात असते त्या डब्यांचे) मशीन असते आणि झाकण उघडताच ते ओळखू येते.

डायलची मागची बाजू पाहायची असेल तर आधी स्प्रिंगचा ताण सोडवावा, प्लॅस्टिकचा पातळ तुकडा डायलवर ठेवून मगच काटे काढावेत आणि डायलचे पाय, म्हणजे मागचे बारीक खिळे, धरून ठेवणारे बाजूचे स्क्रू सैल करावेत. मागे रंगाचे तुषार, घासल्याच्या रेघा, किंवा पाय तुटून डिंकाने चिकटवलेली डायल दिसली तर ती मूळ अवस्थेत नाही हे नक्की. हात बसलेला नसेल तर हे काम घड्याळजीकडे, समोर बसून करून घ्यावे.

तिसरी पायरी: केस आणि काच

केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, कडा धारदार असाव्यात. पॉलिशच्या चाकावर गोल झालेल्या कडा परत येत नाहीत. काच बदलणे सोपे आणि स्वस्त आहे, त्यावर वेळ घालवू नये.

चौथी पायरी: बदल

आपल्या घड्याळात बदल करण्यास माझा विरोध नाही. पट्टा बदला, काच बदला, मोडलेल्या जनतेच्या केसमध्ये दुसऱ्या एचएमटीचे मशीन बसवा, साध्या कोऱ्या डायलवर हवा तो रंग द्या. दोन अटी मात्र पाळाव्यात. मूळ डायल जिवंत असेल तर तिच्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नये. ती काढून पुडीत जपावी आणि प्रयोग मेलेल्या डायलवर करावेत. आणि जे नाव त्या घड्याळाला कारखान्यात मिळाले नव्हते ते त्याच्यावर कधीही छापू नये. ‘सगळेच करतात’ हे कारण मी ऐकून घेत नाही. आज हौस म्हणून छापलेले नाव पाच वर्षांनी दुसऱ्याच्या हातात खोटा पुरावा होते, आणि फसतो तो आपल्यासारखाच एखादा नवखा.

पाचवी पायरी: चालवणे

घड्याळ पूर्ण सुटे करून साफ करवून घ्यावे. न उघडता पेट्रोलमध्ये बुचकळून वरून तेल सोडणाऱ्याकडे जाऊ नये. काम झाल्यावर मोबाइलच्या टाइमग्राफर ॲपमध्ये (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या) जनता-पायलटसारख्या चावीच्या घड्याळासाठी तासाला 18,000 ठोके हा वेग ठेवून तपासावे. दिवसाला अर्ध्या मिनिटाची चूक या वयाच्या घड्याळाला चालते. जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा ते गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, कारण तापल्यावर तेल पसरते आणि कोरडे पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात घालून गेलात तर संध्याकाळी चावीच्या कडेची धूळ मऊ ब्रशने काढावी. चावी रोज ठरलेल्या वेळी द्यावी आणि अडली की तिथेच थांबावे.

विकताना किंवा कोणाला देताना काय बदलले आहे ते कागदावर लिहून डबीत ठेवावे: डायल मूळ की रंगवलेली, काटे कोणते, मशीन कुठून आले, काच कधी बदलली. पुडीत जपलेली मूळ डायल असेल तर तीही त्याच डबीतून द्यावी.