पुट्टी फुगली, दार अडकलं

गच्चीवरच्या खोलीचं काम संपलं असं घरात जाहीर केलं आणि चौथ्याच दिवशी पश्चिमेच्या भिंतीवरची पुट्टी (रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला लावतात तो थर) पापडासारखी फुगली. चूक माझीच. प्लास्टरवर ७ दिवस पाणी मारलं, पण नंतर भिंत वाळू दिली नाही. गवंडी म्हणत होता, "दादा, थांबा जरा." ऐकतो कोण!

फुगलेला भाग पात्याने खरवडला. मग भिंतीत ओल उरलीय का बघायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला. सकाळी आतून थेंब! खिडक्या उघड्या, पंखा चालू, असे ३ आठवडे गेले. थेंब दिसेनासे झाल्यावर भिंत झाडली, किंचित पाणी शिंपडलं (हो, पुन्हा पाणी, पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला तेवढं लागतंच) आणि दोन पातळ हात दिले. घासून झाल्यावर प्रायमर.

दाराची गंमत वेगळी. माप घेतलं तेव्हा फरशी बसायची होती, तिची जाडी धरलीच नव्हती. दार उतरवून सुताराकडून खालून रंधा मारून घेतला. उघड्या पडलेल्या कडेला लगेच प्रायमर लावला, नाहीतर पावसाळ्यात ती फुगते. बिजागरीचा एक स्क्रू अजून सापडलेला नाही.