अकराला एक तास सुटतो, अकरालाच दुसरा भरतो

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा बांभोरीजवळचा परिसर सुमारे ६५० एकरांचा, गिरणेकाठचा, चढउताराचा. वेळापत्रकात विषय आणि वेळ असते, मधलं अंतर नसतं. १० ते ११ एका प्रशाळेत, ११ ते १२ दुसऱ्या इमारतीत, मधे शून्य मिनिटं.

उशिराची किंमत आधी कागदावर मांडा. २ क्रेडिटचा थिअरीचा विषय म्हणजे ३० तास. ७५ टक्के हजेरीसाठी त्यातले २३ भरावे लागतात. फार तर ७ बुडू शकतात. आठवड्याला दोन तास असतील आणि त्यातल्या एकाला तुम्ही दर वेळी हजेरी झाल्यावर पोहोचत असाल, तर १५ आठवड्यांत १५ गैरहजेऱ्या लागतात. रोज वर्गात बसूनही.

म्हणून पहिल्याच रविवारी वेळापत्रक हातात घेऊन चालून या. इमारतीपासून इमारतीपर्यंत नाही, बाकापासून बाकापर्यंत. सपाट रस्त्यावर साधारण चालीने मिनिटाला ८० मीटर होतात, म्हणजे ४०० मीटरला ५ मिनिटं. दर मजल्याला एक मिनिट वेगळं धरा, कारण तास सुटल्यावर जिन्यात गर्दी असते. सर दोन मिनिटं जास्त शिकवतात, तीही धरा. तिसऱ्या मजल्यावरून उतरून ४०० मीटर चालायचं आणि समोर दुसऱ्या मजल्यावर चढायचं, तर ३ + ५ + २ + २ अशी १२ मिनिटं लागतात. मधे १० मिनिटांची सुट्टी असली तरी ती पुरत नाही.

सायकलचा उपयोग साधारण अर्धा किलोमीटर ओलांडल्यावरच होतो. कुलूप उघडणं, लावणं, स्टँडवर जागा शोधणं यात दोन-तीन मिनिटं जातात आणि चढावर वेग उरत नाही.

ज्या दिवशी हिशेब बसत नाही तो दिवस सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सोडवा. पुढे कुणी ऐकत नाही. ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे आपल्या शाखेबाहेरून निवडायच्या विषयाचा, फॉर्म भरताना विषयासोबत खोली कुठे आहे तेही विचारा. आवडीचे दोन विषय असतील तर जवळचा घ्या, असं आम्ही बिनदिक्कत सांगू. प्रॅक्टिकलची बॅच बदलायची असेल तर दुसऱ्या बॅचमधला तयार विद्यार्थी शोधा, दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज करा आणि पहिला प्रयोग जर्नलमध्ये उतरण्याआधी द्या. यातलं काहीच जमलं नाही तर पुढच्या तासाच्या मॅडमना आधी भेटा आणि नेमकं सांगा: ‘मंगळवारी आणि गुरुवारी ११ पर्यंत माझं लेक्चर पलीकडच्या इमारतीत असतं. यायला १२ मिनिटं लागतात. हजेरी शेवटी घेतली तर चालेल का?’ नुसतं ‘उशीर होतो’ म्हटलं की ती सबब वाटते.

प्रॅक्टिकलनंतर लगेच तास असेल तर खरी अडचण चालण्याची नसते. ब्युरेट धुणं, साहित्य परत देणं, रीडिंगवर सही घेणं, या तीन गोष्टींना शेवटची १५ मिनिटं लागतात आणि सहीसाठी सगळी बॅच एकदमच उभी राहते. रीडिंगचा तक्ता घरूनच आखून आणा. शेवटचं रीडिंग लिहिलं की आधी सहीच्या रांगेत लागा, जोडीदाराला धुवायला सांगा. पुढच्या वेळी उलट करा, नाहीतर जोडी टिकत नाही.

बॅग रात्रीच तासांच्या क्रमाने भरा. पुढचीच वही बाहेरच्या कप्प्यात ठेवा. ॲप्रन वेगळ्या पिशवीत घ्या, आम्लाचे डाग वह्यांवर जातात. बसताना दाराकडच्या टोकाला बसा.

मार्चपासून हिशेब बदलतो. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो. ५ मिनिटांच्या वाटेला तेव्हा ७ धरा, आणि थोडी लांब असली तरी सावलीची वाट घ्या. लिटरभराची बाटली, डोक्याला रुमाल. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर तासाला चार घोट घ्या. पावसाळ्यात उलट: उन्हाळ्यात सापडलेली मधली पायवाट पहिल्या पावसानंतर सोडा. काळी माती चपलेला थापल्यासारखी चिकटते, दहा पावलांत पाय जड होतो आणि वर्गाच्या दारात ती खरवडण्यातच चार मिनिटं जातात. डांबरी रस्त्यानेच जा.

सलग तीन तास असतील त्या दिवशी डब्यात रस्सा नको. शेवभाजी बॅगेत सांडते आणि खायला बसूनच वेळ लागतो. दशमी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी गुंडाळून घ्या. सावलीत उभ्याउभ्या चार मिनिटांत होते, हातही पुसण्यापुरतेच भरतात.

लागोपाठ तासांत पहिला विषय तिसऱ्याखाली दबतो. प्रत्येक तासाच्या शेवटच्या मिनिटाला वहीच्या समासात तीन ओळी लिहा: काय झालं, काय कळलं नाही, पुढच्या वेळी काय आणायचं. संध्याकाळी प्रत्येकी १० मिनिटं त्याच ओळींवर घालवा.

एरंडोल, धरणगाव, भुसावळहून अप-डाऊन करणाऱ्यांनी दिवसाचा शेवटचा तासही याच हिशेबात घ्यावा. वर्गापासून हायवेवरच्या थांब्यापर्यंतची मिनिटं वेगळी मोजा, आणि सुटायच्या गाडीसोबत तिच्या मागची गाडी कितीला आहे तेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.