बी.एस्सी. परवडते का, ते घरच्या वहीत कसं मांडायचं

मी पांढरकवड्याच्या एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. गाव तिथून चौदा किलोमीटर, घरी पाच एकर कोरडवाहू. २०१३ मध्ये प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. दरवर्षी निकाल लागले की रक्त द्यायला आलेला एखादा बाप हात पुढे करता करता विचारतोच, "मॅडम, पोरीचा नीटमध्ये नंबर नाही लागला. बी.एस्सी.ले टाकू का? हाती काय येते त्याच्यातून?" खुर्चीत दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माणसाच्या शरीराच्या अभ्यासाला परदेशात ह्युमन बायोलॉजी नावाची वेगळी पदवी असते. आपल्याकडे अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांत तो अभ्यास बहुतेक प्राणिशास्त्रातून येतो: रक्त, हृदय, किडनी, आनुवंशिकता. ज्ञान चांगलं आहे. पण नुसत्या त्या कागदावर आपल्या भागात पगार ठरत नाही. पगार ठरतो तो त्याला जोडलेल्या दुसऱ्या कागदावर, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या डिप्लोमा किंवा बी.एड.सारख्या पात्रतेवर. म्हणून हिशोब तीन वर्षांचा मांडूच नका. दुसरा कागद धरून चार-पाच वर्षांचा मांडा, आणि तोही प्रवेश घ्यायच्या आधी.

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर खर्च. माझ्या भाचीचा हिशोब आम्ही दोघींनी बसून केला, तोच देते. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच ठेवा. कॉलेजची फी वर्षाला ९,०००. एसटीचा पास दहा महिन्यांचा ७,०००. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट असतो, पुढे सवलतीचा असला तरी पैसे मोजावे लागतात, हे पुष्कळ जण विसरतात. पुस्तकं, प्रॅक्टिकलच्या वह्या, अॅप्रन ३,०००. झाले १९,०००, तीन वर्षांचे ५७,०००. पुढे डीएमएलटीचं, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचं एक वर्ष: फी ४५,०००, खोली आणि मेस अकरा महिने ५५,०००. एकूण १,५७,०००.

आता तो खर्च लिहा जो कोणीच लिहीत नाही. शिकत नसती तर भाची निंदणाला, कापूस वेचायला गेली असती. वर्षाचे शंभर दिवस, ३०० रुपये रोज, म्हणजे ३०,०००. चार वर्षांचे १,२०,०००. हेही घरातूनच जातात. बेरीज २,७७,०००. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल; त्यानं भागलं तर चौतीस क्विंटल कापूस. आमच्या पाच एकरांत चांगल्या वर्षीसुद्धा इतका निघत नाही. माझ्या बाबांना लाख रुपये म्हटलेलं कळत होतं, पण चौतीस क्विंटल म्हटल्यावर ते खाटेवर उठून बसले असते. हिशोब घरच्या मापात केला की सगळं घर त्यात भाग घेतं.

दुसऱ्या पानावर परतफेड. इथे नुसता पगार लिहू नका. पगारातून राहण्या-जाण्याचा खर्च वजा करा, आणि मजुरीतून जे मिळालंच असतं तेही वजा करा, म्हणजे महिन्याचे २,५००. तालुक्याला १३,००० मिळाले, घरून एसटीनं १,५०० लागले, तर हाती ९,००० उरतात. २,७७,००० भागिले ९,०००: एकतीस महिने. आता नागपूर. पगार १८,०००, ऐकायला मोठा. खोली, जेवण, जाणं-येणं ९,००० धरा, २,५०० वजा करा, उरले ६,५००. त्रेचाळीस महिने! मोठ्या पगाराची नोकरी एक वर्ष उशिरा फिटते. नागपूरला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिथे मोठी मशिन्स शिकायला मिळतात आणि पुढे पगार चढतो. पण पहिल्या वर्षी घरी पैसे आले नाहीत म्हणून पोरीला बोल लावू नका.

आणि नुसती बी.एस्सी.? खर्च मजुरी धरून १,४७,०००. औषधाच्या दुकानात किंवा कॉन्व्हेंटमध्ये ८,००० मिळतात, एसटी आणि मजुरी वजा करून उरतात ४,०००. सदतीस महिने, आणि पाच वर्षांनीही पगार साधारण तिथंच.

दुसरा कागद कोणता घ्यायचा, हे महिनाभर भरतीच्या जाहिराती कापून वहीत चिकटवून ठरवा. प्रत्येक जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेखाली लाल रेघ मारा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद पाहून बी.एस्सी.वाले आशेनं येतात; ते बीएएमएस आणि नर्सिंगवाल्यांसाठी असतं, आपल्यासाठी नाही. बी.एड. करायचं तर दोन वर्षं, मग टेट ही शिक्षक भरतीची परीक्षा, पवित्र पोर्टल ही भरतीची सरकारी वेबसाइट आणि थांबण्याची तयारी. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिन्याला १८,००० मानधन आहे आणि ते तीन वर्षं चालतं, हे परतफेडीत धरा. एम.एस्सी. प्राध्यापकीसाठी करत असाल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा सुटेपर्यंत तासिकेवर दिवस काढावे लागतात. ज्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यांनीच तो रस्ता धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःची लॅब टाकायचं स्वप्न बहुतेकांचं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की रिपोर्टवर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच सही हवी. म्हणजे त्या डॉक्टरांचा वाटा खर्चात धरल्याशिवाय लॅबचा हिशोब पुरा होत नाही.

आता माझं नुकसान सांगते, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. २०१३ मध्ये बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी घाईत एका शहरातल्या संस्थेत ३८,००० भरले. फलक मोठा, भिंतीवर मायक्रोस्कोपचं चित्र. वर्षभर शिकवलंही. पहिल्या मुलाखतीत साहेबांनी प्रमाणपत्र उलटं केलं, मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "मान्यता कोणाची आहे?" कोणाचीच नव्हती. त्या वर्षी कापसाचा हमीभाव ४,००० होता. साडेनऊ क्विंटल गेले, आणि माझं एक वर्ष. मला पुन्हा डीएमएलटी करावं लागलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणून फी भरण्याआधी संस्थेला दोनच प्रश्न विचारा: मान्यतेचा क्रमांक काय, आणि तुमच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का. मग तो क्रमांक परिषदेकडून स्वतः तपासा.

मग बी.एस्सी. करायचीच कशाला, बारावीनंतर सरळ डिप्लोमा का नको? विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. घाई असेल तर तो रस्ता आहेच. मला पदवीनं काय दिलं ते सांगते. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ. तपासणीला नळीत द्रावण घ्यायचं, त्यात थेंबभर रक्त, पाच मिनिटांनी नळी रेघा आखलेल्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. एकदा एका कोलाम बाईच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसत होत्या. पण तिचं हिमोग्लोबिन पाचच होतं. रक्तच इतकं पातळ की गढूळ व्हायला त्यात पुरेसं हिमोग्लोबिन नव्हतं. मी वरचा प्लाझ्मा काढून टाकला, खाली बसलेल्या पेशींनी पुन्हा तपासणी केली. रेघा दिसेनाशा झाल्या. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या तपासणीसाठी नमुना पाठवला. ही चाचणी कशी काम करते, हे मला दुसऱ्या वर्षाच्या तासांमुळे ठाऊक होतं. त्या महिन्यात डॉक्टरांनी माझा पगार ९,५०० वरून १२,००० केला. वर्षाचे ३०,००० झाले, म्हणजे बी.एस्सी.च्या तीन वर्षांचा माझा खर्च दीड वर्षात फिटला.

खर्च कमी करायची कागदं आत्ताच काढा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, राजर्षी शाहू महाराज योजना, बाहेर खोली घेणार असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीला स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम. उत्पन्नाचा दाखला नवा लागतो, आणि बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर पैसाही अडकतो. कर्ज घ्यावंच लागलं तर चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. सावकाराच्या दारात जाण्याआधी हे विचारा.

परवा भाची वही घेऊन आली. डीएमएलटीच्या तीन संस्थांची नावं लिहिली होती. माझ्यासमोरच पहिल्या संस्थेला फोन लावला आणि मान्यतेचा क्रमांक विचारला. पलीकडचा म्हणाला, "आधी ॲडमिशन घ्या, मग सांगतो." तिनं त्या नावावर काट मारली आणि दुसरा नंबर लावला.