नोकरी-घर सांभाळून ‘स्वयम’वरचा बारा आठवड्यांचा कोर्स पुरा करायचा तर

एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या, कोर्सला नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि एक पैसाही पडत नाही. म्हणूनच नवखा माणूस एकदम तीन कोर्स घेऊन बसतो आणि चौथ्या आठवड्यापर्यंत तिन्ही सोडून देतो. नोकरी, घर किंवा कॉलेज सांभाळून पहिल्यांदाच ऑनलाइन शिकणार असाल तर एका सत्रात एकच कोर्स घ्या. दुसरा विषय कितीही आवडीचा असला तरी तो पुढच्या सत्रात.

आधी वेळेचा हिशोब. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर एनपीटेलचे कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ येतात, बहुधा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच तुकड्यांत. हे पाहून वाटतं, रोज अर्धा तास, सहज जमेल. पण थांबवत, मागे नेत, वहीत उतरवत पाहिलं की अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला पाऊण ते एक तास जातो. त्यात असाइनमेंटचा एक-दीड तास धरा. म्हणजे आठवड्याला सहा तास. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन आठवडे याहून जास्त लागतात, कारण प्राध्यापकांच्या इंग्रजी उच्चारांची सवय व्हायला वेळ जातो. तिथे घाबरून कोर्स सोडू नका. कॅप्शन लावा, आणि एनपीटेलच्या संकेतस्थळावर व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळतो तो आधी वाचून घ्या. कितीतरी कोर्सेसचा हा मजकूर मराठीतही आहे, तो शोधायची तसदी फार थोडे जण घेतात.

आता मुख्य मुद्दा. कोर्स ऑनलाइन असला तरी अभ्यासाला इंटरनेट फार थोडं लागतं. व्हिडिओ उतरवून घेणं, असाइनमेंट सादर करणं आणि चर्चा-फलकावर शंका विचारणं, एवढ्या तीन कामांपुरतं. बाकी सगळं नेट बंद ठेवून होतं. ज्यांचा अभ्यास आणि नेट एकमेकांत मिसळलेलं राहतं त्यांचं घरही विस्कटतं आणि कोर्सही. व्याख्यानाच्या मधे व्हॉट्सअॅपचा मेसेज येतो, उत्तर देता देता वीस मिनिटं जातात, आणि रात्री हिशोब केला तर ‘दोन तास अभ्यास केला’ असं वाटतं. प्रत्यक्षात एकच तुकडा झालेला असतो. घरच्यांनाही दोन तास मोबाइलमध्ये डोकं घातलेलं दिसतं, आणि ते चुकीचं पाहत नसतात.

म्हणून नेटची कामं एका ठरलेल्या वेळेला उरका. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर उरलेला डेटा रात्री बाराला वाया जातो. तो साडेदहा-अकराला व्हिडिओ उतरवायला वापरा. ४८०पी दर्जाचा तासभराचा व्हिडिओ साधारण अर्ध्या जीबीपर्यंत जातो. व्याख्यान नुसत्या स्लाइडवर चालत असेल तर ३६०पी पुरतं आणि डेटा बराच वाचतो. फळ्यावर किंवा कागदावर गणित सोडवून दाखवत असतील तर ४८०पीच ठेवा, नाहीतर घातांक आणि अक्षराच्या पायाशी लिहिलेले बारीक अंक वाचता येत नाहीत आणि सूत्र चुकीचं उतरवलं जातं. आठवड्याचे पाचही तुकडे एकदम उतरवून ठेवले की लाईट गेली, राउटर बंद पडला, तरी काही अडत नाही. पाहताना फोन फ्लाइट मोडवर टाका. फोन लागलाच पाहिजे अशी घरची परिस्थिती असेल, म्हातारे आईवडील किंवा शाळेत गेलेलं मूल असेल, तर अँड्रॉइडच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ठरावीक नंबरांना सूट देता येते. १५ मिनिटांत त्याच नंबरावरून पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याचीही सोय त्यात आहे. ती सुरू ठेवली की मन शांत राहतं.

व्याख्यान संपलं की पुढचा तुकडा लगेच लावू नका. फोन उलटा ठेवा आणि वहीत पाच ओळी न बघता लिहा: काय सांगितलं, का, कोणत्या उदाहरणाने. ज्या ओळीला पेन अडतं तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहा. ही पाच मिनिटं वाचवणारा माणूस आठव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ पुन्हा पाहत बसतो. डोळ्यांचीही काळजी घ्या. वीस मिनिटांनी व्हिडिओ थांबवून वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायचं, हा नेत्रतज्ज्ञांचा साधा नियम. मोबाइलवर शिकणाऱ्यांनी स्टँड घ्यावा. फोन हातात धरून तासभर मान वाकवली की अंगठा आणि मान दोन्ही धरतात. स्वयंपाक करता करता किंवा लोकलमध्ये नुसतं ऐकणं चालतं, पण दुसऱ्या फेरीला. पहिल्याच वेळी नुसतं ऐकलेलं व्याख्यान ‘झालं’ म्हणून खूण करू नका.

गुणांची रचना नीट समजून घेतली तर वेळ कुठे घालायचा ते कळतं. असाइनमेंटना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सहा, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये तीन. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० आणि परीक्षेचे ७५ पैकी किमान ३० हवेत, आणि दोन्ही अटी स्वतंत्रपणे पुऱ्या व्हायला हव्यात. असाइनमेंटची सरासरी ८० असेल तर २० गुण. परीक्षेत शंभरपैकी ५५ मिळाले तर ४१.२५, बेरीज ६१.२५. साठापासून पुढे ‘एलिट’ प्रमाणपत्र. याउलट असाइनमेंटमध्ये ९० टक्के आणि परीक्षेत ३८ मिळाले तर बेरीज ५१ होते, पण परीक्षेचे गुण २८.५ म्हणजे तिसाच्या आत, म्हणून प्रमाणपत्र नाही. टेलिग्रामच्या ग्रुपवरून उत्तरं उतरवणाऱ्यांची नेमकी हीच गत होते. शिवाय त्या उत्तरांत चुका असतात आणि शेकडो जण तीच चूक सादर करतात. मुदतीपर्यंत असाइनमेंट कितीही वेळा सादर करता येते, शेवटची सादर केलेली धरतात. तेव्हा पहिल्या फेरीत स्वतःच्या बुद्धीने उत्तरं भरून सादर करून टाका, मग दोन दिवसांनी शंकास्पद प्रश्न पुन्हा पाहा.

मुदत बहुतेक कोर्सेसना बुधवारी रात्री ११:५९ ची असते. बुधवारी रात्री बसायचं नाही. पाहुणे येतात, रेंज जाते, ऑफिसात उशीर होतो, आणि शेवटच्या तासाला साइटही मंदावते. घरचं वेळापत्रक उलटं बांधा: असाइनमेंट सोमवारी सादर, शनिवार-रविवार मिळून तीन तास, बाकीचे तीन तास आठवड्यातल्या तीन दिवशी. रोज थोडं थोडं करण्यापेक्षा नोकरदारांना हे जास्त जमतं, कारण मोकळे राहिलेले दिवस खरोखर मोकळे असतात आणि घरच्यांना देता येतात.

बारापैकी आठ हा नियम आपल्याकडच्या सणावारांच्या दृष्टीने फार कामाचा आहे. जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात गणपती, नवरात्र आणि दसरा येतात, कधी परीक्षा दिवाळीच्या तोंडावर येते. जानेवारीच्या सत्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, बँकेत किंवा हिशोबात काम करणाऱ्यांना मार्चअखेर. कोर्स सुरू व्हायच्या आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या मुदती लाल पेनाने लिहा आणि ज्या आठवड्यांत काही होणार नाही असे दोन, फार तर तीन आठवडे आधीच सोडून द्या. गणपतीला कोकणात गावी जाणार असाल तर तो आठवडा यात धराच. सवलतीचा चौथा आठवडा आजारपणासाठी राखून ठेवा. एक लक्षात ठेवा, सोडलेल्या आठवड्याची असाइनमेंट सुटते, अभ्यास सुटत नाही. परीक्षेत बाराही आठवडे येतात. ते व्हिडिओ पुढच्या मोकळ्या रविवारी भरून काढा. सवलतीचे चारही आठवडे सहाव्या आठवड्याच्या आत संपले असतील तर गाडी रुळावरून उतरते आहे असं समजा.

घरात बसून शिकणारा माणूस घरच्यांना रिकामा दिसतो. बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं: दार वाजलं, गॅसवाला आला, सासूबाईंचं औषध, सगळं तिच्याकडे, कारण ती ‘मोबाइलच तर बघतेय’. ‘मला अभ्यास आहे’ असं सांगून भागत नाही. दिवस, तास आणि त्या वेळी दार कोण उघडणार हे ठरवावं लागतं: मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सकाळी साडेपाच ते साडेसहा, आणि रविवारी दुपारी तीन तास. तेच कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलं की मुदत सगळ्यांना दिसते. त्याच वेळी दुसरी बाजूही पाळा: तास संपला की वही मिटायची आणि फोन बाजूला. ही हद्द एकतर्फी राहिली तर महिन्याभरात घरचे कंटाळतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं. फोन मुलांसोबत वाटून वापरत असाल तर व्हिडिओ मेमरी कार्डवर ठेवा आणि असाइनमेंटची वेळ मुलांच्या गृहपाठाच्या वेळेपासून दूर ठेवा.

नोंदणीतल्या दोन चुका पुढे फार महागात पडतात. पहिली, कोर्सला एका ईमेलने नाव नोंदवायचं आणि परीक्षेचा अर्ज दुसऱ्याने भरायचा. असाइनमेंटचे गुण पहिल्या ईमेलवर राहतात आणि जुळत नाहीत. एकच ईमेल, तोही कॉलेज किंवा कंपनीचा नव्हे, स्वतःचा. दुसरी, नावाचं स्पेलिंग. अर्जात लिहिलेलं नाव प्रमाणपत्रावर जसंच्या तसं छापतात, तेव्हा ओळखपत्राशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. परीक्षेचा अर्ज कोर्स चालू असतानाच भरायचा असतो, संपल्यावर नाही. शुल्क सध्या एका कोर्सला १,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना निम्मं. शहराची निवडही तेव्हाच करावी लागते. जवळची केंद्रं लवकर भरतात, त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी अर्ज उघडला त्याच आठवड्यात भरावा. विद्यार्थ्यांनी क्रेडिटसाठी, म्हणजे पदवीच्या श्रेयांकांसाठी, कोर्स घेतला असेल तर कॉलेजच्या एनपीटेल समन्वयकाला आधीच विचारा. बारा आठवड्यांना सहसा ३ क्रेडिट धरतात, पण कोणता कोर्स कोणत्या विषयाऐवजी चालेल हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं, आणि ते लेखी घ्यावं.

परीक्षा सहसा शनिवार-रविवारी, केंद्रावरच्या संगणकावर, बहुधा तीन तासांची. तीन महिने अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत फोनवर शिकलेल्या माणसाला सलग तीन तास खुर्चीत बसणं जड जातं, आणि माउसची सवय नसेल तर आणखी. आधीच्या दोन रविवारी सगळ्या असाइनमेंटचे प्रश्न मिसळून तीन तास घड्याळ लावून कागदावर सोडवा, एकदा तरी संगणकासमोर. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र आदल्या रात्री बॅगेत टाका. केंद्र शहराच्या टोकाच्या एखाद्या कॉलेजात असू शकतं, आणि रविवारी सकाळी तिकडे जाणारी एसटी किंवा सिटी बस कमी असते. परगावचं केंद्र असेल तर आदल्या दिवशी पोहोचा.