मॅलॉकची तपासणी कायम चालू ठेवताय? या चुका टाळा

मॅलॉक म्हणजे सी प्रोग्राम ज्याने मेमरी मागतो ते फंक्शन; ‘फ्री’ने तो ती परत करतो. यातल्या चुका पकडणारे पर्याय टेस्टच्या प्रत्येक मशीनवर कायम चालू असावेत, असं माझं ठाम मत आहे. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम मोकळी केलेली मेमरी काही प्रमाणात मुळातच कचऱ्याने भरते. लिनक्सवर हे आपल्याला लावावं लागतं आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पर्याय लावून मोकळं होणं. एका टीमच्या टेस्ट सर्व्हरवर ‘मॅलॉक_चेक_=३’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (चूक सापडली की प्रोग्राम थांबवणारं) वर्षानुवर्षं होतं. ओएस अपग्रेड झाली आणि मेमरीच्या तक्रारी बंद झाल्या. कोड सुधारला, असं सगळ्यांनी धरून चाललं. ग्राहकाकडे प्रोग्राम कोसळू लागला, तेव्हा मला बोलावलं. लिनक्सची सी लायब्ररी ग्लिबसी, तिच्या २.३४ आवृत्तीत (२०२१) ही तपासणी मुख्य लायब्ररीतून काढून वेगळ्या डीबग लायब्ररीत टाकली आहे. ती ‘एलडी_प्रीलोड’ने (लायब्ररी आधी लोड करायला लावणारं व्हेरिएबल) जोडली नाही, तर व्हेरिएबल नुसतं पडून राहतं, ना एरर, ना वॉर्निंग. जोडल्याबरोबर प्रोग्राम फ्री करताना थांबला. बफरच्या पुढे एक बाइट लिहिला जात होता.

म्हणून मी आधी एक मुद्दाम बिघडवलेला सी प्रोग्राम चालवतो: १० बाइट मागायचे, अकराव्यावर लिहायचं, फ्री करायचं. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद हवं. ६४ बिटवर ग्लिबसी प्रत्यक्षात २४ बाइट देते, त्यामुळे तपासणी नसेल तर तो सुखरूप संपतो. तो मेला, तरच मी पुढे जातो. घाईत असलेले लोक एकच पॉइंटर दोनदा फ्री करून बघतात. नवी ग्लिबसी ते एरवीही पकडते, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

व्हेरिएबलच्या नावाच्या शेवटची अंडरस्कोअर विसरू नका.

शेलच्या ‘बॅशआरसी’ फाइलीत लिहिलेलं व्हेरिएबल सिस्टिमडीने (लिनक्सचा सर्व्हिस मॅनेजर) चालवलेल्या सर्व्हिसेसना मिळत नाही. सिस्टिमडीच्या ‘सिस्टिम.कॉन्फ’मध्ये ‘डिफॉल्टएन्व्हायर्नमेंट’ लावा.

मोकळी केलेली मेमरी कचऱ्याने भरणारं व्हेरिएबल म्हणजे ‘मॅलॉक_पर्टर्ब_’; त्याला ० दिलं तर ते बंदच राहतं. मी दर रनला १ ते २५५ मधला वेगळा आकडा देतो आणि तो लॉगमध्ये लिहितो; नाहीतर तोच क्रॅश पुन्हा घडवता येत नाही.

तपासणी चालू असताना वेग मोजू नका.

आणि पर्याय लावल्यावर प्रोग्राम पडला म्हणून पर्याय काढू नका. नवशिके हे सर्रास करतात आणि मला त्याचा खरंच राग येतो. बग आधीपासून होता. कोअर फाइल (क्रॅशच्या क्षणी घेतलेली मेमरीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडा आणि ज्या मेमरीवर प्रोग्राम पडला, ती आधी कोणी फ्री केली, ते शोधा.